अंगाइतकं कोमट

सिग्नलवरचा लाल माणूस हिरवा व्हायला अजून अकरा सेकंद होते. तेवढ्यात तिच्या कोपराला कुणीतरी हलकेच बोट लावलं आणि मागून आवाज आला, "काय भाचीबाई, ओळखलंस का?" तिनं वळून पाहिलं. कोल्ड रूमचे काका. त्यांना तिनं कधी जाड्या निळ्या जाकिटाशिवाय पाहिलंच नव्हतं. साध्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ते सोलून काढल्यासारखे दिसत होते. कारखान्यात सगळे त्यांना थंडोबा म्हणायचे, आणि तेही "बोला, थंडोबा हजर आहे" असं म्हणत दार उघडायचे. आता मात्र त्यांनी हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "बरं झालं भेटलीस. तुला सांगायचंच होतं मला. माझ्यामुळे तुझी सगळी मेहनत पाण्यात गेली बघ. किती मन लावून करत होतीस तू! त्या दिवशी मी दाराकडे नीट लक्ष दिलं असतं तर... माफ कर, बाळा." हिरवा माणूस लागला, लोक दोन्ही बाजूंनी त्यांना चुकवून पुढे गेले, आणि ती, जिची जीभ या वर्षभरात वर्गात, घरात, कुठेही टाळ्याला चिकटली म्हणून नव्हती, ती एवढंच म्हणाली, "असू दे." काकांचा चेहरा उजळला. "मोठ्या मनाची आहेस," असं म्हणून ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. ती तिथेच उभी. असू दे! म्हणजे तिनं त्यांना चक्क माफ केलं होतं.

घरी जाताना तिनं तीन वेळा चुकीच्या बाजूला वळण घेतलं. असू दे, असू दे, असू दे. चपलेत खडा जावा तसे ते दोन शब्द प्रत्येक पावलाला टोचत होते. तिला वाटलं होतं, लाज म्हणजे चेहरा लाल होणं, कानशिलं तापणं. सहावीत सगळ्यांसमोर पाढा विसरला तेव्हा झालं होतं तसं. ही लाज वेगळीच होती. ही गार होती. छातीच्या मधोमध कुणीतरी फ्रीजमधली बाटली टेकवून ठेवावी तशी. बाटली! तिला पुन्हा बाटलीच आठवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असणार, तिच्या मनात तर भरदुपारी पौर्णिमा पडली होती.

सुटीचे सहा आठवडे ती आत्याकडे राहायला आली होती. आत्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. कारखाना पोटाच्या चांगल्या जिवाणूंची भुकटी बनवायचा आणि छोट्या चंदेरी पुड्यांमध्ये भरायचा; पोट बिघडलेल्या तान्ह्या मुलांना पाण्यातून द्यायची पुडी. बनवणं सोपं, टिकवणं कठीण, असं आत्या म्हणायची. पुडीत जिवंत जीव आहेत, किराणा नव्हे. पाणी काढून घेतलेले, सुकवलेले, झोपवलेले; गारव्यात ठेवले तर दोन वर्षं झोपून राहतात, नाहीतर झोपेतच जातात. म्हणून कोल्ड रूम, म्हणून तिथले काका, आणि म्हणून दर महिन्याला मालाच्या प्रत्येक खेपेतून पुड्या काढून आतले किती जागे होतात ते मोजायचं. "घरी बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा चल माझ्याबरोबर," आत्या म्हणाली होती, आणि पहिल्याच आठवड्यात सगळे तिला भाचीबाई म्हणायला लागले होते. पांढरा कोट गुडघ्याखाली लोंबायचा, बाह्या तीन घड्या घालाव्या लागायच्या, पण आरशासमोर उभं राहून तिनं स्वतःलाच मान तुकवली होती. एका महिन्यात ती पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, अशी चालवायला लागली की आत्याची सहकारीण म्हणाली, "बाई गं, हिचे हात आहेत की शिवणयंत्र?" तिला त्या वाक्याची इतकी गोडी लागली की नंतर ती ते वाक्य पुन्हा ऐकू यावं म्हणूनच भराभर काम करायची. खरं सांगायचं तर तिथूनच सगळं सुरू झालं.

कारण आत्याचा एक नियम होता. पुडी फोडायची ती मिठाच्या कोमट पाण्यात. "कोमट म्हणजे?" तिनं विचारलं होतं. "अंगाइतकं. मनगटावर थेंब टाकला तर गारही नाही, गरमही नाही, काहीच वाटू नये, इतकं." मग भुकटी त्यात सोडायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. "अर्धा तास नुसतं बसायचं?" "तू बसायचंस. त्यांचं काम चालू असतं. वर्षभर कोरडं पडलेलं अंग पुन्हा पाणी पितं, तेव्हा त्याला घाई केली तर ते फाटतं." मग ते पाणी दहा पट पातळ करायचं, पुन्हा दहा पट, पुन्हा, असं करत करत शेवटचा एक थेंब काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या घट्ट थरावर पसरायचा आणि ती बशी उबेत ठेवायची. तीन दिवसांनी जेवढे जिवंत होते तेवढे पांढरे ठिपके उगवतात. दीडशेच्या आसपास आले की खेप चांगली. पहिल्यांदा ते ठिपके पाहिले तेव्हा तिला ते आकाशासारखे वगैरे वाटले नाहीत, हजेरीसारखे वाटले. एकेक ठिपका हात वर करून "हजर" म्हणतोय. ती शाईच्या पेनानं बशीच्या पाठीवर एकेकाला खूण करत मोजायची आणि मनातल्या मनात प्रत्येकाला "बसा" म्हणायची.

तो दिवस मंगळवार. आत्याला वर मीटिंगला बोलावलं होतं. मैत्रीण एक वाजता पोहायला जाण्यासाठी गेटवर येणार होती आणि एका खेपेच्या बाराच्या बारा पुड्या बाकी होत्या. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या दोन ठिकाणी असायच्या: मागच्या ओट्यावर वॉटर बाथमध्ये, म्हणजे कोमट पाण्याच्या टाकीत, बुडवून ठेवलेल्या, आणि दाराजवळच्या फ्रीजमध्ये. लेबल तेच, पाणी तेच. टाकीचं झाकण जड, त्यावर आत्यानं वह्या ठेवलेल्या. फ्रीज हाताशी. पाणी ते पाणी, तिच्या डोक्यात आलं, आणि पुढचा विचार यायच्या आत बाटली हातात होती. पहिली पुडी गार पाण्यात पडली, तळाशी गोळा होऊन बसली, म्हणून तिनं ती हलवली. जोरजोरात. अर्धा तास? बारा पुड्यांचे बारा अर्धे तास एकदमच घेता आले असते, एवढंही गणित तिनं केलं नाही. चाळीस मिनिटांत सगळं उरकून ती हात धुवत होती तेव्हा आत्या खाली आली. "झालं? इतक्यात?" आत्या म्हणाली. "शिवणयंत्र," ती म्हणाली आणि हसली. आत्यानं मागच्या ओट्याकडे पाहिलं, झाकणावरच्या वह्यांकडे, मग म्हणाली, "जा, मैत्रीण वाट बघत असेल." पाण्यात उडी मारताना तिच्या अंगावर गारठ्यानं काटा आला होता आणि ती आनंदानं किंचाळली होती. आता ते किंचाळणं आठवलं की तिला कान झाकून घ्यावेसे वाटत.

शुक्रवारी बशा निघाल्या. एकीवर दोन ठिपके. एकीवर तीन. चार बशांवर एकही नाही, नुसता स्वच्छ पिवळसर थर, रिकाम्या वर्गासारखा. आत्यानं एकेक बशी दिव्यासमोर धरली आणि खाली ठेवली. दुपारपर्यंत वरचे साहेब खाली आले. कोल्ड रूमची नोंदवही मागवली. त्यात काकांनीच, आपल्या गोल गोल अक्षरात, दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं: गाड्याचं चाक दारात अडकल्यामुळे दार चाळीस मिनिटं उघडं राहिलं, आतला पारा नऊवर गेला, चूक माझी. कुणी विचारलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटल्यासारखं झालं; कारण सापडलं की माणसं अशीच सैल होतात. त्या खेपेची बेचाळीस खोकी वाफेच्या कपाटात घालून मारून टाकायची ठरली. मारून टाकायची! मेलेले असतील तर मारायचे कशाला, हा प्रश्न त्या खोलीत फक्त तिच्या मनात आला आणि तिनं तो चघळून गिळला. काकांना क्रेट धुण्याच्या विभागात पाठवलं. बावीस वर्षं त्यांनी कुलपाची किल्ली गळ्यात घातली होती. ती काढताना दोरी कानात अडकली, आणि मदत करायला कुणी हात पुढे केला नाही, तिनंही नाही. त्या वेळी तिला नक्की ठाऊक नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. नक्की नव्हतं ठाऊक. शंका होती. आणि शंकेवर कुणी आपणहून सुळावर चढतं का?

पण सिग्नलवरच्या त्या "असू दे"नंतर शंकेत राहणं तिला परवडेना. सोमवारी प्रयोगशाळेत तिनं आत्याच्या शेल्फातलं जाडं पुस्तक काढलं. सुकवलेली भुकटी नऊ अंशांवर चाळीस मिनिटं? त्यानं तिच्या केसालाही धक्का लागत नाही. बाहेर टेबलावर आठवडाभर राहिली तरी बरेचसे जगतात. हे ज्या पानावर होतं त्या पानावर आत्याच्याच पेन्सिलीची रेघ होती. प्रयोगशाळेच्या फ्रीजच्या तळच्या कप्प्यात नमुन्यादाखल राखलेल्या दोन पुड्या होत्या, त्याच खोक्यांतल्या. तिनं टाकीवरच्या वह्या उचलल्या, झाकण काढलं, बाटली काढून मनगटावर थेंब टाकला. काहीच वाटलं नाही. भुकटी सोडली आणि हात मांडीखाली घेऊन बसली. अर्धा तास इतका लांब असतो हे तिला माहीतच नव्हतं. भुकटी आधी वर तरंगली, मग कडेनं भिजत भिजत, एखादं लेकरू झोपेतून उठताना आधी एक पाय ताणतं तशी हळूहळू खाली उतरली, आणि पाणी धूसर झालं. तिला बाबा आठवले. शाळेच्या दिवशी बाबा हाक मारत नाहीत. आधी पडदा सारतात, मग पायाशी येऊन बसतात, पेपर वाचत. पेपरच्या आवाजानं ती उठते. एकदा फक्त मामानं गंमत म्हणून तोंडावर गार पाणी मारलं होतं आणि तिनं दिवसभर मामाशी अबोला धरला होता. लक्षावधींच्या तोंडावर तिनं गार पाणी मारलं होतं. अबोला धरायलाही कुणी उरलं नव्हतं.

गुरुवारी तिनं बशा काढल्या तेव्हा तिला मोजावंच लागलं नाही. गच्च. एकशे चाळीस, एकशे साठ, कितीही असतील. सगळे हजर. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिला कुठे बघावं कळेना. ते जिवंत होते. कपाटात वाफ सोडली तेव्हा बेचाळीस खोक्यांत सगळे जिवंत, झोपलेले होते. आणि काका रस्त्यात थांबून तिची माफी मागत होते.

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात पातेली घासत होती, ती पुसत होती. पाणी वाहण्याचा आवाज होता म्हणून तिला धीर आला. "आत्या, मी त्या दिवशी फ्रीजमधलं पाणी घेतलं होतं. आणि थांबले नाही. राखलेल्या पुड्या मी परत करून बघितल्या, सगळे जिवंत आहेत." आत्याचा हात पातेल्यात थांबला. आत्या विचारेल कुठलं पाणी, कधी, कसं. तिनं सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आत्या म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

बस्स. एवढ्यानं तिला कळलं. मागच्या ओट्याकडे गेलेली ती नजर, न हललेल्या वह्या, पेन्सिलीची रेघ. "तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत म्हणजे... वाटलं होतं."

"मग?"

"मग काय मग? त्या मोजणीखाली सही कुणाची आहे? माझी. शाळेतली पोर खऱ्या मालाची मोजणी करत होती आणि मी न बघता सही ठोकली, हे साहेबांना सांगू? उद्या सकाळी मी घरी. सोळा वर्षांची नोकरी." आत्यानं नळ बंद केला. आता सगळंच फार स्पष्ट ऐकू यायला लागलं. "आणि त्यांना काढलेलं थोडंच आहे? पगार तोच आहे. क्रेट धुतात, एवढंच."

"ते मला सॉरी म्हणाले, आत्या. रस्त्यात थांबवून."

आत्यानं पाठ फिरवलेलीच ठेवली. म्हणाली, "माझ्याकडे तर ते रोज बघून हसतात." तिच्या खांद्यांकडे पाहताना मुलीला पहिल्यांदाच जाणवलं की आत्या लहान आहे, कोट नसला की तीही सोललेल्यासारखीच दिसते, आणि आत्याला या पेचात टाकणारी दुसरीतिसरी कुणी नाही, आपणच आहोत. छातीवरच्या बाटलीला आता दुसरी बाटली येऊन टेकली. गप्प बसलं तर काकांची लाज, बोललं तर आत्याची. इकडे आड तिकडे विहीर, आणि आड-विहीर दोन्ही आपणच खणलेले. "सोमवारी तुझी शाळा सुरू होतेय ना," आत्या म्हणाली, "जाशील घरी. विसरून जाशील." ती शिवी असती तर बरं झालं असतं, पण आत्यानं ते प्रेमानं म्हटलं होतं.

शुक्रवार, तिचा शेवटचा दिवस. जेवणाच्या सुटीत हॉल भरलेला, खुर्च्या फरशीवर करकरत होत्या. काका कोपऱ्यातल्या टेबलावर धुलाईवाल्यांत बसले होते. गरम पाण्यानं त्यांचे हात लालबुंद झाले होते, बोटांची टोकं सुरकुतलेली. "थंडोबाचा आता गरमोबा झालाय," शेजारचा म्हणत होता, "आणखी महिनाभर ठेवा, शिजून निघेल!" सगळे हसले, काकाही हसले, जरा उशिरानं, इतरांच्या तोंडांकडे बघून. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य होतं, सकाळपासून शंभरदा घोकलेलं. ते अगदी हळू, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेतानं, एकदा सांगून टाकायचं आणि पळायचं. आत्याच्या कानावर जायचं नाही, साहेबांच्या जायचं नाही, फक्त त्यांना कळलं की झालं. वाकून ती पुटपुटली.

"आं?" काका म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं, आणखी जवळ जाऊन. त्यांनी तळहात कानामागे धरला, चेहऱ्यावर तेच प्रेमळ, काही न समजलेलं हसू. "मोठ्यानं बोल गं. बावीस वर्षं त्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत गेली, बारीक आवाज पोहोचत नाही आता आत."

ती सरळ उभी राहिली. असा एक क्षण होता की "काही नाही काका, येते" म्हणता आलं असतं. तो क्षण तिनं नीट पाहिला, त्याची लांबी-रुंदी पाहिली. पलीकडे तिसऱ्या टेबलावर आत्या ताट घेऊन बसायच्या बेतात होती. मग तिनं तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "तुमच्या दारानं काही झालं नव्हतं, काका! मी मारलं त्यांना! मी फ्रीजमधलं गार पाणी घातलं आणि थांबले नाही, म्हणून उगवले नाहीत! खोक्यांत सगळे जिवंत होते!"

खुर्च्या करकरायच्या थांबल्या. कुणाचा तरी चमचा ताटात वाजला आणि तोही गप्प झाला. शेजारच्यानं हसायला उघडलेलं तोंड तसंच ठेवलं. आत्या बसली नाही; ताट हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, मनगटावरच्या त्या थेंबासारखं. काकांनी कानामागचा हात हळूच खाली आणला, दोन्ही लाल हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. हातांवर काहीतरी वाचून झाल्यासारखं त्यांनी वर पाहिलं. ते हसत नव्हते. तिला बाळा म्हणाले नाहीत.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

या वेळी त्यांनी कान पुढे केला नव्हता. पहिल्या शब्दापासून सगळं नीट ऐकू आलं होतं त्यांना. तिनं एकदा आत्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं. न घाई करता, शब्द न शब्द.